बॅड बॉइज (१९८३) : बराकीचा दादा कोण ठरवतं?

चेंदणीकर

विल स्मिथचा नव्हे, आधीच सांगतो. तो १९९५चा, पोलिसांचा, गाड्या उडवणारा. हा मार्च १९८३मध्ये आलेला, रिक रोझेंथालने दिग्दर्शित केलेला, बाविशीतल्या शॉन पेनचा. नौपाड्यात आम्ही काही टाळकी अधूनमधून कुणाच्या तरी हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून जुने सिनेमे बघतो. तिथे हा लागला आणि संपल्यावर अशी जुंपली की शेवटी शेजारच्यांनी दार वाजवलं. म्हणून उरलेलं भांडण इथे. शेवटासकट सगळं उघड करतोय, बघायचा असेल त्यांनी बघून मग या.

गोष्ट शिकागोची. मिक ओब्रायन हा आयरिश घरातला पोरगा, गाडीची काच फोडून पर्स पळवणारा. पाको मोरेनो (एसाई मोरालेस) त्याच्याच वयाचा, लॅटिनो टोळीतला, ड्रग्जच्या धंद्यात. मिक आणि त्याचा दोस्त पाकोचा सौदा लुटायला जातात. गोळीबार होतो, दोस्त मरतो, आणि पळताना मिकच्या गाडीखाली येतो तो पाकोचा आठ वर्षांचा भाऊ. मिकची रवानगी रेनफर्ड नावाच्या सुधारगृहात. इकडे पाको सूड म्हणून मिकच्या मैत्रिणीवर, जेसीवर (अ‍ॅली शीडी) बलात्कार करतो, पकडला जातो, आणि त्यालाही नेमकं रेनफर्डलाच आणून टाकतात. कारण दुसरीकडे जागा नाही.

लोक म्हणतात हा सिनेमा सूडाचा आहे. मला तो या 'जागा नाही'चा वाटतो. दोन पोरं एकमेकांच्या जिवावर उठलीत हे तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत आहे. लेखी माहीत आहे. तरी एकाच इमारतीत. आणि मग सगळी बराक कुणावर पैसे लावायचे याचा हिशोब मांडून बसते.

मिक आत येतो तेव्हा बराकीवर वायकिंग आणि ट्वीटी या दोघांचं राज्य असतं. कुणी कुठे बसायचं, कुणाकडून काय उकळायचं, नव्याला कसं 'बसवायचं', सगळं तेच ठरवतात. पहारेकऱ्यांना हे दिसत नाही असं नाही. दिसतं, आणि सोयीचं वाटतं. दोन दांडगे पोरगे पन्नास जणांना गप्प ठेवत असतील तर रात्रपाळीला त्रास कमी. मग एके दिवशी मिक मशीनमधले कोल्ड्रिंकचे भरलेले कॅन उशीच्या खोळीत घालतो आणि त्या खोळीने दोघांना फोडून काढतो. हा प्रसंग ज्याने बघितलाय तो विसरणार नाही. पण माझं लक्ष त्यानंतरच्या भागावर आहे. दादागिरीची जागा आपोआप मिककडे येते. त्याने मागितली नव्हती. साहेबांनीही दिली नव्हती. फक्त ती रिकामी ठेवायचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

कर्मचारी राक्षस दाखवलेले नाहीत, हे मला फार आवडलं. रामोन हेरेरा (रेनी सँटोनी) स्वतः टोळीतून वर आलेला, पोरांशी त्यांच्या भाषेत बोलणारा. मिक कुंपण ओलांडून पळतो आणि जेसीकडे जातो, तेव्हा रामोन त्याला परत आणताना वाटेत मोठ्यांच्या तुरुंगातून फिरवून आणतो. बघ, पुढचा मुक्काम इथे. हिंदी सिनेमात पोरगं पाव चोरून पळायला लागतं आणि पुलावरून खाली येईपर्यंत मोठं होतं, तुरुंगाची वर्षं त्या धावण्यातच उरकतात. इथे सगळा सिनेमा त्या उरकलेल्या वर्षांचा आहे.

शेवटच्या मारामारीत पाकोकडे धारदार सळई, बाकीची पोरं दार अडवून 'मार, मार' ओरडतायत. मिकच्या हातात ती सळई येते, पाको खाली पडलेला, आणि मिक ती त्याच्या डोक्याशेजारी खुपसतो. मारत नाही. रडत आपल्या खोलीकडे चालू लागतो.

जगातलं पहिलं बालन्यायालय १८९९मध्ये याच शिकागोत सुरू झालं. मुलांचा गुन्हा मोठ्यांसारखा तोलायचा नाही ही कल्पना तिथून जगभर गेली. ८४ वर्षांनी त्याच गावावर हा सिनेमा. मला वाटतं कायदा कसा आहे हा प्रश्न दुसरा. रात्री दिवे मालवल्यावर खोलीत कुणाचं चालतं, हा पहिला. बोला.

घोडबंदर_जॅम

वाचतोय. मी माजिवड्याला अडकलोय, तेव्हा सगळं सावकाश वाचून होईल.

रिळवाला

उत्तम धागा. थोडी भर.

वायकिंग झालाय तो क्लॅन्सी ब्राऊन, त्याचा हा पहिलाच सिनेमा. पुढे अकरा वर्षांनी 'शॉशँक रिडेम्प्शन'मध्ये तोच कैद्यांना झोडणारा कॅप्टन हॅडली झाला. म्हणजे एकाच माणसाने बराकीचा दादाही केला आणि पहारेकरीही. आणि तुमच्या घरी लहान मुलं असतील तर तुम्ही त्याचा आवाज रोज ऐकताय, इंग्रजी 'स्पंजबॉब'मधला मिस्टर क्रॅब्ज तोच! हे कळल्यापासून माझ्या पुतणीबरोबर तो कार्यक्रम बघताना मला उशीची खोळ आठवते.

हा सिनेमा आवडला तर 'स्कम' हा ब्रिटिश सुधारगृहावरचा सिनेमा बघायलाच हवा. अ‍ॅलन क्लार्कने १९७७मध्ये बीबीसीसाठी केला, बीबीसीने तो दाखवायलाच नकार दिला, मग १९७९मध्ये त्याच दिग्दर्शकाने तोच पुन्हा थिएटरसाठी चित्रित केला. रे विन्स्टन दोन्हींत आहे. टीव्हीवरची मूळ आवृत्ती लोकांना दिसायला १९९१ उजाडलं. तिथेही नवा पोरगा जुन्या दादाला पाडतो, हत्यार म्हणजे मोज्यात घातलेले बिलियर्ड्सचे गोळे. 'बॅड बॉइज'ची खोळ त्या मोज्यावरूनच आली असावी असा मला दाट संशय आहे.

पण फरक मोठा आहे. 'स्कम'मध्ये पहारेकरी दादाशी उघड व्यवहार करतात, तू बराक शांत ठेव, तुला सवलती. चेंदणीकर म्हणतात ते तिथे थेट दाखवलंय. 'बॅड बॉइज' त्या बाबतीत मवाळ आहे. आणि पार्श्वसंगीत बिल कॉन्टीचं, म्हणजे 'रॉकी'वाला, त्यामुळे मारामारीत नको तिथे स्फुरण चढतं.

अनुस्वार

मीही होते त्या हॉलमध्ये, आणि शेजारच्यांनी दार वाजवलं ते माझ्याच आवाजामुळे. चेंदणीकरांनी ते सोयीस्कर गाळलंय.

माझा आक्षेप जेसीबद्दल आहे. ती मिकची मैत्रीण, एवढीच तिची ओळख. तिच्यावर बलात्कार कशासाठी, तर पाको आत यायला हवा म्हणून. त्यानंतर ती कुठे गेली, पोलिसांसमोर काय बोलली, घरी तिला कुणी काय म्हटलं, याचं या सिनेमाला घेणंदेणं नाही. मिक पळून तिच्याकडे जातो ती भेटसुद्धा मिकच्या दुःखाची आहे. कॅमेरा त्याच्याकडे बघतो. 'दोन पोरं एकमेकांच्या जिवावर उठलीत' असं तुम्ही लिहिलंत. नीट बघा. एक मेलेला मुलगा आणि एक मुलगी, या दोघांच्या अंगावरून त्यांचं वैर चाललंय.

तुमची 'जागा नाही'ची थिअरी मला पटते. पण मग शेवट बघताना माझे डोळे का भरावेत? मिकने पाकोला मारलं नाही, चांगलं केलं. त्यात जेसीला काय मिळालं?

तर्रीबाज

अनुस्वार ताईंना शंभर टक्के अनुमोदन. आणि मी आणखी पुढे जातो. हे सगळं कौतुक बंद करा. अल्पवयीन अल्पवयीन करून लाडावून ठेवलंय. आमच्या किसननगरात रात्री अकरानंतर चाकू घेऊन फिरणारी पोरं सतरा वर्षांची असतात आणि त्यांना पक्कं ठाऊक असतं की आपलं काही वाकडं होत नाही. मोठे गुंड त्यांनाच पुढे करतात. आणि पुण्यात काय झालं? मे २०२४, कल्याणीनगर, अल्पवयीन पोराच्या गाडीच्या धडकेत दोन इंजिनिअर गेले आणि पोराला काय, तर ३०० शब्दांचा निबंध! माझ्या मुलीला शाळेत उशिरा गेल्याबद्दल याहून मोठी शिक्षा होते.

सिनेमा मी बघितलेला नाही. बघणारही नाही.

रिळवाला

@तर्रीबाज, न बघता मत देण्याच्या या परंपरेला माझा सलाम.

वाशी_सतरा_सेक्टर

वकिली करते, बालन्याय मंडळासमोर अधूनमधून उभी राहते, म्हणून लिहिते. कुणाही मुलाचं प्रकरण इथे सांगणार नाही, बालन्याय कायद्याच्या कलम ७४ खाली ओळख उघड करणं गुन्हा आहे आणि आडून सांगितलेलं गावाला बरोबर कळतं.

तर्रीबाज, 'काही होत नाही' हे आता खरं नाही. १९८६च्या कायद्यात मुलगे १६पर्यंत आणि मुली १८पर्यंत बालक होत्या. २०००च्या कायद्याने दोघांनाही १८ केलं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर लोकांचा राग तुमच्यासारखाच होता, त्यातून २०१५चा कायदा आला, १५ जानेवारी २०१६पासून लागू. त्यात कलम १५ आहे. गुन्हा निर्घृण असेल, म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असेल, आणि मुलगा १६ ते १८मधला असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं. त्याला परिणामांची समज होती का, कुठल्या परिस्थितीत केलं. त्यानंतर प्रकरण बालन्यायालयाकडे जाऊन मोठ्यासारखा खटला चालू शकतो. फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नाही. २१ वर्षांपर्यंत सुरक्षित स्थानात ठेवतात आणि तेव्हा पुन्हा तपासतात की हा सुधारला की तुरुंगात पाठवायचा.

किमान सात वर्षं हे महत्त्वाचं. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कमाल शिक्षा जास्त पण किमान ठरवलेलीच नाही असे गुन्हे 'निर्घृण'मध्ये मोडत नाहीत. सदोष मनुष्यवध तेव्हा त्यातला. पुण्याच्या प्रकरणात घोडं इथेच अडलं होतं. निबंधाची अट हास्यास्पद होती यावर आमच्या बाररूममध्येही दुमत नव्हतं. पण लोक चिडले म्हणून जामीन दिलेल्या मुलाला निरीक्षण गृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) बसवलं, तेही कायद्यात बसत नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४मध्ये त्याला सोडायला सांगितलं ते त्याच कारणाने.

आता धाग्याच्या विषयावर. चेंदणीकरांच्या प्रश्नाला कायद्याकडे कागदावर उत्तर आहे. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही, २४ तासांत मंडळापुढे आणायचं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यातली किमान एक बाई. चौकशी चार महिन्यांत, फार तर दोन महिने वाढवून. वय आणि गुन्ह्याचं स्वरूप बघून मुलांना वेगवेगळं ठेवायचं. मिक आणि पाको एका छताखाली, हे इथे बसत नाही.

पण माझा अर्धा वेळ कुठे जातो सांगू? वय सिद्ध करण्यात. शाळेचा दाखला नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तर वैद्यकीय चाचणी. तुर्भे स्टोअरच्या झोपडपट्टीतली आई येते, पिशवीत पॉलिओच्या डोसाचं कार्ड, गावच्या शाळेत नाव एक आणि आधारवर दुसरं. तारीख भिवंडीला. ऐरोली, दिघा, तुर्भे ही सगळी ठाणे जिल्ह्यात, म्हणून भिवंडी. पनवेल, खारघर रायगडात, ते वेगळं. ही बाई आधी ठाणे स्टेशन गाठते, मग बस, मग कशेळीच्या पुलावरची गर्दी. कामाचा खाडा. पोहोचते तोवर पुढची तारीख पडलेली असते. जामीनदार म्हणून येणारा मामा दोनदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही. मग मुलगा आत राहतो. कायद्याने नव्हे, बसने.

घोडबंदर_जॅम

कशेळी पुलाबद्दल मॅडमना एक मूक श्रद्धांजली. अजून माजिवड्यालाच आहे.

तर्रीबाज

मॅडम, माहिती चांगली. पण मला सांगा, सगळं मान्य केलं तरी ज्याचा मुलगा मेला त्याने भिवंडीची बस मोजायची का? या सगळ्यात मेलेल्याचा वकील कोण? त्याची आई पण खाडा करूनच येते ना?

वाशी_सतरा_सेक्टर

येते. आणि तिला त्या खोलीत जवळजवळ काहीच विचारलं जात नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. इथे मी तुमच्या बाजूने.

माई_कळवा

शिक्षिका होते, निवृत्तीनंतर एका निरीक्षण गृहात वाचन-लेखन शिकवायला जात असे. कुठलं ते विचारू नका. सिनेमा नातवाने लॅपटॉपवर लावून दिला, दोन बैठकीत बघितला. शिव्या फार.

चेंदणीकर, तुम्ही जे खोळीवरून ओळखलंत ते मी साबणावरून ओळखलं होतं. आठवड्याला प्रत्येकाला एक वडी मिळायची. चार दिवसांनी बघावं तर बहुतेकांकडे वडी नाही आणि कोपऱ्यातल्या एका मुलाच्या पत्र्याच्या पेटीत आठ-दहा वड्या रचून ठेवलेल्या. त्याला सगळे 'मॉनिटर' म्हणायचे. कुणी नेमला? तर अधीक्षक म्हणाले, आम्ही नाही, मुलांनीच केलाय. मुलांना विचारलं तर म्हणाली, सरांनी केलाय. आंघोळीची रांग तोच लावायचा. कॅरमची सोंगटी हरवली की शोधायचं काम कुणाचं ते तोच सांगायचा. मार दिसायचा नाही. नवीन मुलगा आला की पहिल्या रात्री त्याची चादर मॉनिटरकडे जायची आणि सकाळी परत यायची, बस्स. एवढ्यानेच काय ते कळायचं.

तिथल्या रात्रीच्या काळजीवाहकाला मी दोष देणार नाही. रात्री तो एकटा, चाळीसेक मुलं, आणि महिन्यामहिन्याने मिळणारा कंत्राटी पगार. त्याने मॉनिटर नाही ठेवायचा तर काय करायचं? आम्ही चौथीच्या वर्गात दुसरं काय करत होतो? फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायला एका पोराला उभं करून चहाला जायचो.

एक मात्र सांगते. तो मॉनिटर माझ्याकडे गुपचूप बाराखडी शिकायचा. इतरांसमोर नाही, त्याला अक्षर येत नाही हे कुणाला कळायला नको होतं. वर्गात मागे बसून दुसऱ्याच्या वहीत बघून रेघोट्या मारायचा. तास संपला, मुलं जेवायला गेली की पाटी घेऊन यायचा. 'क्ष'ला मात्र शेवटपर्यंत शरण गेला नाही.

चेंदणीकर

माई, साबणाची वडी मी घेतोय. या प्रतिसादापुढे माझा लेख उगीच लांबलेला वाटायला लागलाय.

अनुस्वार, तुमचं जेसीबद्दलचं सगळं मान्य. पण त्यावरून सिनेमा खोटा ठरतो का? बराकीतून बाहेरचं जग तसंच दिसत असेल, मुली म्हणजे फोटो आणि पत्रं. कॅमेरा त्या पोरांइतकाच आंधळा ठेवलाय असं मला वाटतं.

तर्रीबाज, एकदा बघा हो. तुमच्या बाजूचे मुद्दे सिनेमात माझ्यापेक्षा जास्त आहेत. होरोविट्झ नावाचा चष्मेवाला हुशार पोरगा, मिकच्या खोलीत राहणारा. त्याला मारणाऱ्या मुलांचा सूड म्हणून त्याने बोलिंगच्या हॉललाच आग लावलेली. बोलायला गोड, विनोदी, आपल्याला तो आवडायला लागतो. आणि मग तो रेडिओत बॉम्ब बसवून पाकोला उडवायला बघतो. तिथे माझ्यासारख्या लाड करणाऱ्यांची जिरते.

अनुस्वार

'कॅमेरा आंधळा ठेवलाय' हे फार सोपं उत्तर झालं. पर्स पळवण्याच्या वेळी कॅमेरा बराकीत नव्हता, तेव्हाही त्याने त्या बाईकडे बघितलं नाहीच.

असो. हे भांडण समोरासमोर.

दिघ्याचा_मी

पहिल्यांदाच लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझा एक दोस्त आहे, रबाळेला कंपनीत हेल्पर. सोळाचा असताना बाइक चोरीत आत गेला होता. चार पोरं होती, गाडी चालवत होता हा. दोन महिने होता. आता तेवीसचा आहे, लग्न ठरतंय. त्याने सिनेमा बघितला, मीच दाखवला मोबाइलवर. तो हसला. बोलला, एवढी मारामारी नसते रे. आत कंटाळा असतो. दुपारी दोन ते पाच काहीच नसतं, टीव्हीचा रिमोट ज्याच्याकडे तो भाई. भिंतीवरची पाल मोजायची. आणि जास्त ओळखी आतच झाल्या. बाहेर त्याला एक प्रकारची गाडी उघडता यायची, आतून येताना तीन प्रकारच्या यायला लागल्या.

बाहेर आल्यावर काय होतं ते सिनेमात नाही. आमच्या इथे एखादी गाडी गेली की पहिला फोन यालाच येतो. पोलीस चांगले आहेत, मारत नाहीत, पण बोलावून बसवतात. शिफ्ट बुडते. सुपरवायझर विचारतो कुठे होतास, तर हा सांगतो आईला बरं नव्हतं. आईला दर दोन महिन्यांनी बरं नसतं.

मॅडम, कंपनी परमनंट करणार आहे, पोलीस व्हेरिफिकेशन लागेल. फॉर्ममध्ये विचारलंय की गुन्हा दाखल झाला होता का. त्याने काय लिहायचं?

तर्रीबाज

भावा, शुद्धलेखनाचं टेन्शन नको घेऊस, आम्ही इथे त्याहून वाईट लिहितो.

दोस्ताला सांग, मालकाला आधीच जाऊन खरं काय ते सांगून टाक. नंतर कळलं तर जास्त वाईट.

वाशी_सतरा_सेक्टर

@दिघ्याचा_मी, तर्रीबाजांचा सल्ला मनापासून आहे, पण घाईने अमलात आणू नका.

कलम २४ बघा. मुलाच्या हातून गुन्हा झाला आणि त्याचा निकाल या कायद्याखाली लागला, तर शिक्षा झालेल्याला ज्या अपात्रता चिकटतात त्या त्याला चिकटत नाहीत. अपवाद एकच, १६च्या वरचा आणि बालन्यायालयाने मोठ्यासारखा धरलेला. चोरीचं प्रकरण तिथे जातच नाही. शिवाय अपिलाची मुदत उलटल्यावर संबंधित नोंदी नष्ट करण्याचा आदेश मंडळाने द्यायचा असतो. द्यायचा असतो असं म्हणतेय. दिला का, आणि पोलीस ठाण्यापर्यंत तो पोहोचला का, हे बघावं लागतं. तुमच्या दोस्ताला फोन येतो त्याचं कारण बहुधा तिथलीच एखादी जुनी वही.

फॉर्मबद्दल : प्रश्नाचे नेमके शब्द काय आहेत त्यावर उत्तर ठरतं. 'दोषी ठरलात का' आणि 'गुन्हा दाखल झाला होता का' यांत फरक आहे. इथे चार ओळींत मी सांगणार नाही, आणि खोटं लिहा असं तर मुळीच नाही. त्याने मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रत काढावी. त्यात प्रकरण क्रमांक आणि तारीख असेल, अर्ज साध्या कागदावर होतो. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर ठाणे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे मोफत वकील मिळतो. फॉर्म भरण्याआधी प्रत हातात हवी. शेवटची तारीख कधी आहे?

दिघ्याचा_मी

या महिन्याच्या तीस.

वाशी_सतरा_सेक्टर

मग सोमवारीच जा. त्याला खाडा पडेल, पण एकदाच. मला व्यक्तिगत निरोप करा, अर्जाचा मसुदा पाठवते. मंडळाच्या बैठकीचा वार आधी फोन करून विचारा, नाहीतर फेरी फुकट जाईल.

रिळवाला

दिघेकर, दुपारी दोन ते पाच. हे 'स्कम'मध्ये आहे. तिथे आर्चर नावाचा एक पोरगा आहे, तो मारामारी करतच नाही. मी शाकाहारी आहे, मला चामड्याचे बूट चालत नाहीत, असं सांगून अनवाणी फिरतो आणि साहेबांचं डोकं खातो. कंटाळ्यावर इतका चांगला उतारा मी दुसरा पाहिलेला नाही. तुमच्या दोस्ताला तो आवडेल.

आणि चेंदणीकर, तुमच्या लेखात एक गोष्ट राहिली. इलिनॉय राज्याने २००६मध्ये मुलांचं खातं तुरुंग खात्यापासून वेगळं काढलं. म्हणजे सिनेमा आला तेव्हा मिकला सांभाळणारे आणि मोठ्या कैद्यांना सांभाळणारे एकाच खात्याचे. रामोन त्याला तिथे इतक्या सहज कसा फिरवून आणतो, याचा उलगडा मला त्यातून झाला.

माई_कळवा

आमच्याकडे निदान खातं वेगळं, महिला व बालविकास. इमारती मात्र विचारू नका. डोंगरीचं मुलांचं गृह जुन्या तुरुंगाच्या वास्तूत आहे, जिथे १८८२मध्ये टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते. शाळेत हा धडा शिकवताना मी आगरकरांबद्दलच बोलायचे. आता तिथे कोण राहतं ते कधी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

तर्रीबाज

माई, तुमचा तो 'क्ष'वाला मॉनिटर पुढे काय झाला?

माई_कळवा

माहीत नाही. सुटल्यावर मुलांनी आम्हाला भेटावं अशी पद्धत नव्हती, आणि पत्ता मागायची आम्हालाही परवानगी नव्हती.

चेंदणीकर

पुढच्या वेळी 'स्कम' लावतोय, जागा तीच. अनुस्वार, खुर्ची दाराजवळची ठेवतो, शेजारी आले तर तुम्हीच उघडा. तर्रीबाज, किसननगरातून रिक्षाने पंधरा मिनिटं, सबब चालणार नाही. मुलं आणू नका, सिनेमा अंगावर येतो.

तर्रीबाज

येतो. पण चर्चेत मी बोलणार.

घोडबंदर_जॅम

कापूरबावडीला पोहोचलो.